दहा जणांचें कुत्रें

कुत्रें पाळावें कीं पाळूं नये, हा वाद बहुतेक घरांत एकदां तरी होतो, आणि शेवटीं बहुधा मुलांचाच जय होतो. त्या वादांत मला आज शिरावयाचें नाहीं. ज्या घरांत कुत्रें येऊन राहिलें आहे, आणि ज्या घरांत सासूसासरे, भाऊ, सुना, मुलें, आलेगेले पाहुणे अशी भरपूर माणसें आहेत, त्या घरासाठीं हें लिहिणें आहे. कुत्र्यांच्या संगोपनावर जीं पुस्तकें मिळतात, तीं एक कुत्रें आणि त्याचा एक धनी असें गृहीत धरून लिहिलेलीं असतात. आमच्यासारख्या घरांत कुत्र्याला दहा धनी असतात. दहा धन्यांचें कुत्रें उपाशी राहत नाहीं हें खरें. परंतु अति खाऊन, भलतेंच खाऊन, किंवा ‘दुसऱ्या कोणीं तरी केलेंच असेल’ या समजुतीपायीं वेळेवर लस न मिळून तें मरूं शकतें. आणि या शेवटच्या प्रकारांत तें एकटेंच मरेल असेंहि नाहीं.

आमचें घर पुण्यांत. मामंजी, सासूबाई, ह्यांच्या एक आत्याबाई, आम्ही दोघें, धाकटे भाऊजी व त्यांचें कुटुंब, आणि तीन मुलें, अशीं आम्ही दहा माणसें. २०१४ च्या श्रावणांत माझ्या मुलानें शाळेंतून येतांना रेनकोटांत गुंडाळून एक पिलूं आणलें. रंगावरून त्याचें नांव तांबू पडलें. मामंजींचा विरोध होता. कुत्र्याला घांस घालणें निराळें आणि घर देणें निराळें, असें त्यांचें म्हणणें. त्यावर सासूबाईंनीं जें उत्तर दिलें तें मला अजून आठवतें. त्या म्हणाल्या, महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या निरपराध पोराला मारलें म्हणून तिनें शाप दिला, आणि शेवटीं धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवीना; एवढा मोठा ग्रंथ ज्यांना कुत्र्यावांचून सुरू करतां आला नाहीं कीं संपवतां आला नाहीं, त्यांच्या वंशजांनीं या पिलाला पावसांत सोडावें काय? मामंजी गप्प बसले. सासूबाईंनीं मात्र एक अट घातली: पिलूं घरांत फिरेल, पण देवघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाहीं. ती अट सोवळ्याची होती. पुढें आमच्या पशुवैद्यांनीं ती ऐकली तेव्हां ते हंसून म्हणाले, कुत्र्याला घातक असे निम्मे पदार्थ स्वयंपाकघरांतच असतात, तेव्हां यापेक्षां चांगला नियम मलाहि सुचला नसता.

पहिलें वर्ष असेंच सर्वांच्या हातून चाललें. त्यानंतर, २०१५ सालीं, आमच्या आप्तांपैकीं एका घरीं जें घडलें त्यामुळें आमच्याकडची रीत बदलली. चार भावांचें तें घर. कुत्रें देखणें, स्वभावानें गरीब. एका दुपारीं तें जेवत असतां घरांतल्या सात वर्षांच्या मुलीनें त्याच्या पुढचें भांडें सरकवलें, आणि त्याचा दांत तिच्या मनगटास लागून रक्त आलें. कोणी हळद आणा म्हणालें, कोणी चुना. मुलीच्या आईनें मात्र कोणाचें न ऐकतां तिचा हात नळाखालीं धरला, साबणानें चांगली पंधरा मिनिटें धुतला आणि तिला तडक डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं विचारलें, कुत्र्याला रेबीजची लस केव्हां टोंचली होती? थोरल्यांना वाटत होतें, धाकट्यानें टोंचून आणली असेल. धाकट्याला वाटत होतें कीं असलीं कामें मधले भाऊ करतात. मधल्यांनीं सांगितलें कीं पशुवैद्यांचा फोन आला होता, आणि निरोप घरांत कोणाला तरी दिला होता. कार्ड सांपडलें तेव्हां कळलें कीं दोन वर्षें त्या कुत्र्याला कोणींच नेलें नव्हतें. मुलीला लशीच्या सर्व मात्रा आणि जखमेंत देण्याचें प्रतिविषाचें इंजेक्शन मिळालें. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली गेली आणि तें धडधाकट राहिलें. ते दहा दिवस त्या आईनें कसे काढले, हें तिनें मला सांगितलें आहे. मीं तें येथें लिहीत नाहीं.

या रोगासंबंधीं सुशिक्षित घरांतूनहि इतके गैरसमज आहेत कीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. रेबीजचे विषाणु चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे सरकत जातात. या प्रवासाला कांहीं आठवडे, कधीं कधीं कित्येक महिने लागतात, आणि तेवढ्याच अवधींत माणसाला वांचवतां येतें. एकदां रोगाचीं लक्षणें दिसूं लागलीं कीं मृत्यु जवळजवळ अटळ असतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर लशीचा प्रयोग केला आणि तो मुलगा वांचला, हें पुष्कळांनीं शाळेंत वाचलें असेल. आपल्या देशांत १९०० सालीं कसौलीस पाश्चर संस्था निघाली. पुढें बरींच वर्षें जी लस आपल्याकडे प्रचारांत होती, ती पोटांत टोंचीत, आणि चौदा चौदा दिवस टोंचीत. ती जुनी लस २००४–०५ च्या सुमारास आपल्याकडून गेली. आतांची लस दंडांत टोंचतात. स्नायूंत दिल्यास ती पहिल्या, म्हणजे शून्याव्या दिवशीं, आणि त्यानंतर ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या व २८ व्या दिवशीं घ्यावयाची असते; त्वचेंत दिल्यास १४ व्या दिवसाची मात्रा नसते. तरीहि घरोघरीं वडील माणसें ‘पोटांत चौदा सुया’ ची भीति मुलांना अजून घालीत असतात. ही भीति निव्वळ जुनी नाहीं, ती घातक आहे. कारण ती ऐकलेलें मूल रस्त्यावरच्या पिलानें ओरबाडलें तरी बाही खालीं ओढून गप्प बसतें. ज्या घरांत कुत्रें आहे त्या घरांत मुलांना पहिली गोष्ट ही शिकवावी कीं लहानसा ओरखडाहि त्याच दिवशीं सांगावयाचा, आणि सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाहीं.

जखम घड्याळ लावून पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं साबणानें धुवावी. हळद, चुना, तपकीर, तिखट, तेल यांपैकीं कांहींएक लावूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. चावणारें कुत्रें घरचें आहे, पिलूंच आहे, त्याला लस टोंचलेली आहे, या सर्व गोष्टी डॉक्टरांना सांगाव्या. त्यांवरून निर्णय मात्र घरीं घेऊं नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावयाचें असतें, पण ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवून ठेवावयाची नसते. खुद्द कुत्र्याला पहिली रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें, बहुधा दर वर्षीं, टोंचावी लागते.

त्या प्रसंगानंतरच्या रविवारीं आमच्याकडे जेवणानंतर बैठक झाली. तांबूचा जबाबदार माणूस एकच असावा आणि तो नांवानिशीं ठरवावा, असें मीं सुचवलें. मुलगा पुढें झाला. परंतु मुलें शाळेस जातात, परीक्षा येतात, आणि दहावीनंतर तर तीं घरांत असून नसल्यासारखीं असतात. सर्वांना आश्चर्य वाटावें अशा रीतीनें तें काम मामंजींनीं मागून घेतलें. त्यांचा सारा जन्म रेल्वेच्या हिशेबखात्यांत गेलेला. ‘मला कुत्र्यांतलें कांहीं कळत नाहीं, पण नोंद कशी ठेवावी तें कळतें,’ असें ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं एक जाड वही आणली, तिला दोऱ्यानें पेन्सिल बांधली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशीं खिळ्याला टांगली. जो तांबूला कांहीं देईल त्यानें वेळ, पदार्थ आणि आपलें नांव लिहावयाचें. लस, जंताचें औषध, वजन यांच्या तारखा शेवटच्या पानांवर.

पहिल्या महिन्याच्या वहीनें मौज केली. तोपर्यंत घरांत प्रत्येकाची अशी समजूत होती कीं तांबूला सकाळसंध्याकाळ जेवण मिळतें, आणि मधून एखादा घांस. वहींत दिसलें तें असें: सकाळीं सहाला मामंजींच्या चहाबरोबरचें बिस्कीट, साडेसातला मुलांच्या डब्यांतली उरलेली पोळी, नऊला जेवण, दहाला आत्याबाईंच्या पूजेनंतरचा नैवेद्य, दुपारीं जाऊबाईंचें ताक, आणि असेंच रात्रीं दहापर्यंत. एकेक घांसच तो, पण दहा जणांचा. अठरा किलो असावयाचें कुत्रें बावीस किलोंवर गेलें होतें. वहींत नांव लिहावें लागतें एवढ्यानेंच निम्मे घांस बंद झाले. शाकाहारी घरांत आणखी एक प्रश्न येतो. केवळ पोळी, भात आणि दूध यांवर कुत्र्याचें पोषण नीट होत नाहीं. त्याला प्रथिनें भरपूर लागतात. आमच्याकडे बराच खल होऊन बाहेरच्या पडवींत त्याचें तयार खाद्य ठेवावें आणि अंडें आत्याबाईंच्या दृष्टीआड उकडावें असें ठरलें. आत्याबाईंना तें ठाऊक आहे. त्या दिशेला त्या पाहत नाहींत, इतकेंच.

आतां घातक पदार्थांविषयीं. चॉकलेट कुत्र्यास देऊं नये हें हल्लीं मुलांनाहि माहीत असतें. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजलेला, त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतो, हें कमी लोकांना माहीत आहे. कांहीं बिनसाखरेच्या गोळ्यांत आणि चघळण्याच्या गमांत झायलिटॉल नांवाचा गोड पदार्थ असतो. तो पोटांत जातांच कुत्र्याच्या रक्तांतली साखर एकदम उतरते. परंतु आपल्या घरांच्या दृष्टीनें सर्वांत फसवे म्हणजे द्राक्षें आणि बेदाणे. त्यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें, आणि किती दाणे खाल्ले म्हणजे होईल याला निश्चित माप नाहीं. एका कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोड्यांनींहि बाधतात. यामागें टार्टारिक आम्ल असावें असें पशुवैद्यांचें अलीकडे, म्हणजे २०२१ पासून, मत होत चाललें आहे. तेंच आम्ल चिंचेंत विपुल असतें, आणि चिंच खाऊन कुत्रीं तशींच आजारी पडल्याचेंहि नमूद झालें आहे. चिंचगुळाच्या आमटींत कालवलेला भात आपण किती सहजपणें बाहेर नेऊन घालतों! आमच्याकडे तो आतां बंद आहे.

२०१६ सालीं आमच्या घरीं सत्यनारायण होता. शिऱ्यासाठीं काढलेल्या बेदाण्यांची वाटी पांच वर्षांच्या पुतण्याच्या हातीं लागली आणि त्यानें निम्मे आपण खाऊन निम्मे तांबूला दिले. पाहुण्यांची गर्दी, कथा चाललेली. पण पोरगा स्वतः मामंजींच्या मांडीशीं येऊन त्यांच्या कानांत म्हणाला, ‘आजोबा, वहींत लिहा, तांबूनें बेदाणे खाल्ले.’ वहींत लिहिल्याबद्दल कोणी रागावत नाहीं, हें त्याला एक वर्षांत कळलेलें होतें. भाऊजी आरती सोडून उठले आणि तासाभराच्या आंत तांबूला पशुवैद्यांकडे घेऊन गेले. तेथें त्याला औषध देऊन ओकवलें, सलाइन लावलें, आणि पुढचे तीन दिवस रक्त तपासून मूत्रपिंडावर लक्ष ठेवलें. तो वांचला. असें ओकवणें घरच्या घरीं मीठपाणी पाजून करूं नये. त्या मिठानेंच कुत्रें दगावूं शकतें.

औषधांचा नियम याच जातीचा आहे. वडील मंडळींच्या हातून गोळी निसटून पलंगाखालीं जाते आणि कुत्रें ती आधीं शोधतें. आपल्या तापाच्या आणि दुखण्यावरच्या साध्या गोळ्या, पॅरासिटामॉल काय किंवा आयब्युप्रोफेन काय, कुत्र्याला विषासारख्या बाधतात. कणव येऊन अर्धी गोळी दुधांत देणारे सज्जन मीं पाहिले आहेत. उंदरांचें औषध, डांबराच्या गोळ्या आणि पूजेच्या फुलांसाठीं अंगणांत लावलेली कण्हेर, हींहि त्याच्या तोंडापासून दूर असावींत.

वहीचा खरा उपयोग २०१८ च्या पावसाळ्यांत झाला. तांबू वरून ठीक होता. शेंपूट हलवी, दारावर भुंके. मामंजींनीं मात्र एका सकाळीं सांगितलें कीं परवांपासून हा जेवण अर्धें ठेवतो, आणि पंधरा दिवसांत वजन एक किलो उतरलें आहे. दहा जणांच्या घरांत अर्धें राहिलेलें ताट कोणाच्या लक्षांत येतें? प्रत्येकाला वाटतें, मघाशीं कोणीं तरी दिलें असेल. कुत्र्याचा ताप कपाळाला हात लावून कळत नाहीं. त्याच्या अंगची उष्णता स्वभावतःच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. पशुवैद्यांनीं थर्मामीटर लावला तो १०४ निघाला. रक्त तपासतां गोचिडांपासून होणारा ताप ठरला. या तापांत रक्त गोठवणाऱ्या कणिका घटतात आणि उशीर झाल्यास नाकांतून रक्त वाहूं लागतें. चार आठवडे डॉक्सिसायक्लीन देऊन तो बरा झाला. तेव्हांपासून पावसाळाभर रोज संध्याकाळीं कोणीं तरी त्याच्या कानांच्या आंत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखालीं गोचीड पाहावयाचे, अशी पाळी आहे. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ उपटावा. रॉकेल ओतूं नये, जाळूं नये. आणि कुत्रें स्वच्छ केलें म्हणजे काम झालें असें समजूं नये, कारण हा तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत हजारों अंडीं घालतो. पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यांतून उंदरांच्या मुतानें पसरणारा लेप्टोस्पायरोसिसहि असतो. तो माणसांनाहि होतो आणि कुत्र्यांसाठीं त्याची लस मिळते.

उन्हाळ्याविषयीं थोडक्यांत. ज्या डांबरी रस्त्यावर आपल्या तळहाताची पाठ सात सेकंद टेकवत नाहीं, त्यावर कुत्र्याला चालवूं नये. उभ्या मोटारींत त्याला पांच मिनिटेंहि ठेवूं नये, कांच उघडी असली तरी. दिवाळींत दार उघडें राहून कितीएक कुत्रीं फटाक्यांच्या भयानें पळतात आणि परत येत नाहींत. भरल्या घराचें दार मिटलेलें सांपडणें कठीण, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं तांबूला माजघरांत खिडक्या लावून ठेवतों आणि त्याच्या पट्ट्याला फोन क्रमांकाची पट्टी असते.

एका गोष्टीविषयीं मला विशेष लिहावेंसें वाटतें. कुत्रें पाळणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडीं एक वाक्य असतें: ‘कांहीं करत नाहीं हो तो.’ आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना लहानपणीं कुत्रें चावलेलें आहे. त्या कधीं बोलल्या नाहींत, पण दारांत येऊन दोन मिनिटें उभ्या राहत आणि मग भिंतीला धरून आंत येत. ज्याला दुसऱ्याच्या घरीं पोटासाठीं यावें लागतें, त्याला ‘याला बांधा’ असें म्हणण्याची सोय नसते. तें न म्हणतां ओळखणें हें घरच्यांचें काम. त्या येण्याआधीं तांबू बांधलेला असतो, आणि ती नोंदहि वहींत असते. पाहुण्यांच्या मुलांनाहि आम्ही दोनच गोष्टी सांगतों: तो जेवत किंवा झोपत असतां त्याच्याजवळ जावयाचें नाहीं, आणि त्याच्या गळ्यांत हात टाकावयाचे नाहींत. तें आपल्याला प्रेम वाटतें. त्याला तें अडकवल्यासारखें वाटतें. कुत्रें एकाएकीं चावतें असें आपण म्हणतों, परंतु चावण्याआधीं तें तोंड फिरवतें, ओठ चाटतें, अंग ताठ करतें, डोळ्यांचें पांढरें दाखवतें, गुरगुरतें. गुरगुरल्याबद्दल त्याला मारूं नये. मार खाऊन गुरगुरणें सोडलेलें कुत्रें पुढें सूचना न देतां चावतें.

आतां तांबू म्हातारा झाला आहे. डोळ्यांवर निळसर झांक आली आहे, आणि गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात म्हणून माजघरापासून दारापर्यंत तरट अंथरलें आहे. कधीं रात्रीं घरांतच लघवी होते. तो खोडसाळपणा नाहीं हें आत्याबाईंनींच सर्वांना बजावलें आणि पहाटे उठून फरशी त्याच पुसतात. वही आतां चौथी चालू आहे. मामंजींचा हात कांपतो म्हणून गेल्या पाडव्यापासून नोंदी पुतण्या करतो, तोच बेदाण्यांचा. दर रविवारीं मामंजी ती वही मागवून घेतात आणि तांबड्या पेन्सिलीनें आठवड्याचा ताळा पाहतात. मागच्या रविवारीं जंताच्या औषधाला चार दिवस उशीर झालेला त्यांना आढळला, आणि पुतण्याला क्रिकेटच्या मैदानावरून बोलावून आणण्यांत आलें.